माझी रेघ खाली का येते

मी एक जुना मापक आहे आणि स्वस्थ बसणं मला जमत नाही. मित्रांनो, जपानमधल्या सेंदाई शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी पेशीचं आवरण मोजतो. ते वाढलं की माझी रेघ वर चढते, आकसलं की खाली येते.

गाईच्या मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते. तिच्या पेशीत रसाने भरलेल्या इवल्या पिशव्या असतात. विजेचा हलका झटका बसला की त्या पेशीच्या आवरणाला चिकटतात, रस बाहेर सोडतात आणि स्वतः आवरणातच मिसळून जातात. म्हणून आवरण वाढतं. हे मी पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा आमच्या प्रमुख ओनोदेरा सेन्सेई, म्हणजे ओनोदेरा बाई, दिवसभर माझंच कौतुक करत होत्या.

मग हिवाळ्यात चिनामी नावाची विद्यार्थिनी आली. सकाळी कत्तलखान्यातून बर्फाच्या डब्यात ग्रंथी घेऊन यायची, की लगेच कामाला. माझी रेघ वर चढायची आणि मग हळूहळू उतरायची, दर वेळी.

"सेन्सेई, हा म्हातारा घसरतोय," ती म्हणाली. "उतार पुसून रेघ सरळ करता करता वैतागलेय मी."

"मग देऊन टाक त्याला. शुक्रवारी भंगारवाला येतोच आहे."

माझा जीव टांगणीला लागला. मी खोटं बोलत नव्हतो हो! पण मला तोंड कुठे आहे? एक रेघ आहे, आणि तीच पुसली जात होती.

आमच्याकडे टाकायच्या वस्तूवर तिचा दोष लिहून चिठ्ठी लावतात. मी नेमका किती घसरतो ते बघायला चिनामीने पेशीच्या जागी एक निर्जीव ठोकळा जोडला. झटका दिला. रेघ सरळच राहिली. तिने पुन्हा दिला, तरी तेच.

"सेन्सेई, जरा येता का? हा घसरत नाहीये."

"मग कोण घसरतंय?"

"पेशीच. वाढलेलं आवरण ती परत आत ओढतेय."

सेन्सेई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "ओढणारच गं. शेजारणीकडे भाजी पाठवली तरी डबा आपण परत आणतोच ना? नाहीतर पेशी फुगतच गेली असती, आणि पुढचा रस भरायला डबेही उरले नसते."

"आणि मी सगळा हिवाळा तेच पुसत बसले," चिनामी हळूच म्हणाली.

भंगारवाल्याला तिने चहा पाजून रिकाम्या हाताने परत पाठवलं.

अजूनही रेघ उतरू लागली की मला तो भंगारवाला आठवतो. मित्रांनो, जुन्या वस्तूचं म्हणणं आवडलं नाही, तर ते पुसण्याआधी एकदा नीट तपासून बघा. पेशीत पिशव्यांचं आवरण परत येतं. चिनामीने पुसलेल्या रेघा काही परत आल्या नाहीत. बर्फाचा डबा घेऊन ती रोज सकाळी येते आणि आम्ही दोघं त्या रेघा पहिल्यापासून काढतोय.