छान म्हणायचं नाही

खळ्ळ! स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची माझी किल्ली निघाली. किती तरी दिवस गप्प पडलेल्या त्या घरातून तो एवढासा आवाज मला अंगणापर्यंत ऐकू आला. आज मला बघायला गिऱ्हाईक येणार होतं.

मित्रांनो, मी एक जुनी निळी गाडी आहे. कारखान्यात माझ्यासारख्या अनेकजणी एका रांगेत तयार झाल्या. कोण कुठे गेली, मला ठाऊक नाही. मी आले घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांच्या वाट्याला. तेव्हा ते आजोबा नव्हते, केस काळेभोर होते. दुकानात निघताना माझ्या टपावर थाप मारून म्हणत, "चला बाईसाहेब, उशीर झाला." जुन्या बनियनने मला असं पुसत, की माझ्याइतकी देखणी गाडी जगात नसेल असं वाटे. "बायकोपेक्षा हिचेच लाड जास्त," आजी लटक्या रागाने म्हणायच्या आणि पुढच्या सीटवर ऐटीत बसायच्या.

मग आजोबा गेले. आजींना गाडी चालवता येत नव्हती. माझ्यावर ताडपत्री पडली, चाकांतली हवा गेली. अधूनमधून आजी यायच्या, ताडपत्री सारून आपल्या सीटवर बसायच्या, दार लावून घ्यायच्या. बऱ्याच वेळाने उठून जायच्या.

त्या दिवशी फाटकाबाहेर एक कुटुंब येऊन थांबलं. कपडे शिवून देणारी तरुण आई, तिचा नवरा, शाळकरी मुलगी, आणि आईच्या खांद्यावर तान्हं बाळ. बाळाची छाती घरघरत होती.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना? ह्याला पुन्हा वाऱ्यातून स्कूटरवर आणायचं नाही," नवरा हळूच म्हणाला. "ही गाडी हातची गेली तर आपल्या ऐपतीत दुसरी मिळायची नाही."

"माहितीये हो. तुम्ही टायरचं तेवढं बोला, बाकी मी बघते." मग ती मुलीकडे वळली. "आणि तू! गाडी छान आहे असं म्हणायचं नाही."

"छान असली तरी?"

"असली तरी. भाव चढतो मग."

आजींनी ताडपत्री काढली. मुलीचे डोळे लकाकले आणि तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"टायर पार गुळगुळीत झालेत," नवरा म्हणाला.

"रंग बघा किती उडालाय. दार तर कसलं करकरतंय!" आई म्हणाली.

जन्मात पहिल्यांदा मी माझी निंदा ऐकत होते. आजी नुसती मान हलवत होत्या. "हो बाई, जुनीच आहे."

"आणि हे सीटवरचं ठिगळ! एक टाका तरी सरळ आहे का?"

"यांनी घातलं ते," आजी म्हणाल्या. "मला बसताना टोचायला नको म्हणून. तेव्हा हात फार थरथरायचे त्यांचे."

आईचा हात ठिगळावरच थबकला. शिवणारीचा हात तो. प्रत्येक टाका दुहेरी आहे, हे तिच्या बोटांना कळलंच असणार. ती काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात बाळाला खोकल्याची उबळ आली आणि ते शब्द ओठांतच राहिले.

आजींनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. "कधीपासून गं ह्याला असं?"

"जन्मापासूनच."

"मग परवडेल ते द्या. आणि घेऊन जा."

मित्रांनो, जुनी वस्तू घ्याल तेव्हा पारखून घ्या, भावही करा. बेताच्या मिळकतीत तो करावाच लागतो, त्यात लाज कसली? पण ती वस्तू कुणीतरी जिवापाड जपलेली असते. तोंड उघडण्याआधी एवढं आठवा.

नवी बॅटरी आली, चाकांत हवा भरली आणि ते मला न्यायला आले. आजींनी स्वतः फाटक उघडलं. आम्ही वळणापर्यंत पोचलो तरी त्या तिथेच उभ्या होत्या. आई पुढे, बाळाला कुशीत घेऊन बसली होती. काचा बंद होत्या. बाळ शांत झोपलं होतं.

मुलगी मागच्या काचेतून पाहत होती. फाटक दिसेनासं झालं तशी ती वळली.

"आई, आपल्याला गाडी खूप आवडलीये, हे त्या आजींना कळलं असेल का गं?"