वरीलप्रमाणे

"हे काय लिहिलंय, मॅडम?" दीपकने मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला टेबलावर परत सरकवला. "आम्ही माळी. माझी सृष्टी कोकणा कधी झाली?"

प्रतिभा मॅडमनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. मुख्याध्यापक झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत त्यांच्या दाखल्यात चूक निघाली नव्हती. तीन वर्षांपूर्वीचा जून, पहिलीचे प्रवेश. जातीच्या रकान्यात सगळ्यांत वर 'हिंदू कोकणा' आणि खाली बावीस ओळी नुसत्या दोन तिरप्या रेघा. म्हणजे वरीलप्रमाणे. सतरावी ओळ सृष्टीची. रेघा त्यांच्याच हातच्या.

नाशिकमधल्या अंबडजवळच्या या महापालिकेच्या शाळेत त्या शिक्षिका म्हणून आल्या, तेव्हा गावातली आणि बाहेरून आलेली मुलं एकाच बाकावर असायची. गावातला दीपकही त्यांतलाच. पुढे गावातली मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जाऊ लागली. पेठ-सुरगाण्याहून कारखान्यांत, बांधकामांवर आलेल्या कोकणा आदिवासी कुटुंबांची मुलं इथे उरली. यंदा पटावर एकशे अठ्ठेचाळीस. गावातली एकच, सृष्टी.

"दुरुस्तीला शिक्षण विभागाची परवानगी लागते," मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवस तरी जातील."

"शनिवारी इंग्रजी शाळेचे प्रवेश बंद होतात. मुद्दाम अडवताय का? आमची एवढी एकच राहिलीय म्हणून?"

"चूक माझी आहे, दीपक. पण तिला काढतोस कशाला? तू इथंच शिकलास ना?"

"तेव्हा वर्गात सगळे होते. आता पोरगी घरी यांच्यासारखी बोलते. अजून दोन वर्षं ठेवली तर तुमचं रजिस्टर खरं व्हायचं." त्याने हातातली किल्ली टेबलावर ठेवली. "आणि मॅडम, तुमचा मुलगा, हर्षल, कुठल्या शाळेत होता?"

मॅडमनी रजिस्टर मिटलं.

दाराशी साळूबाई धाकटीच्या प्रवेशाचे कागद घेऊन उभी होती. तिची थोरली, योगिनी, सृष्टीच्याच बाकावर बसे. "दादा, पोर तुमचीच हाय," ती हळूच म्हणाली. "नुसतं लिवल्यानं काय नाय होत."

दीपकने गाडीची किल्ली उचलली आणि तिच्याकडे न बघता बाहेर पडला.

"तू शुक्रवारी ये," मॅडम साळूबाईला म्हणाल्या.

सृष्टीला ठेवायला त्यांना काहीच करावं लागलं नसतं. अर्ज नेहमीसारखा टपालात गेला असता तर शनिवार आपोआप उलटला असता. मधल्या सुट्टीत त्या वर्गावरून गेल्या. सृष्टी आणि योगिनी एकाच डब्यातली खिचडी खात होत्या, आणि सृष्टी पेठच्या हेलात कुणाची तरी नक्कल करत होती. योगिनीला ठसका लागेपर्यंत हसू आलं.

मॅडमनी जुना प्रवेश अर्ज शोधला. त्यावर दीपकने स्वतः लिहिलं होतं, 'हिंदू माळी'. त्याची प्रत घेऊन त्या दुपारी रिक्षाने शिक्षण विभागात गेल्या. दुसऱ्या दिवशीही गेल्या.

"एवढी कसली घाई, मॅडम?" तिथला लिपिक म्हणाला. "पट टिकवायची घाई करतात लोक. तुम्ही कमी करायला बसलात."

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुन्हा बाकावर जाऊन बसल्या.

सही गुरुवारी संध्याकाळी झाली.

शुक्रवारी दीपक आला. त्याने नवा दाखला दोनदा वाचला. मग वाकून मॅडमच्या पाया पडला.

"टेबलं पाठ करून घे तिच्याकडून," त्या म्हणाल्या. "पाढे म्हणजे रे. बाराच्या पुढे अडखळते."

तो गेल्यावर त्यांनी साळूबाईचे कागद पुढे ओढले. रजिस्टरात नाव लिहिलं, छाया. जन्मतारीख लिहिली. जातीच्या रकान्यात पेन सवयीने तिरपं झालं आणि थांबलं. वरच्या ओळीत 'हिंदू कोकणा' होतंच. त्यांनी खाली पुन्हा पूर्ण लिहिलं, हिंदू कोकणा.

साळूबाई चौथीपर्यंत शिकलेली. ती वाकून बघत होती. "वरचंच हाय ना, बाई?"

"हो. तरी लिहिते."

शाई वाळेपर्यंत त्यांनी पान उलटलं नाही.