कांदा असा वाजत नाही

मी एक जुना रिमोट आहे, मित्रांनो. पण टीव्हीचे चॅनेल बदलणारा नव्हे. मी खेळाच्या यंत्राचा रिमोट. मला हातात धरून तुम्ही जसा हात हलवाल, तसा पडद्यावरचा माणूस हात हलवतो. मी किती कललो, किती जोराने झटकला गेलो, हे ओळखणारा एक बारीक तुकडा माझ्या पोटात आहे. तोंडाशी काळी काच आहे, तो माझा डोळा. पाठीत दोन सेल, अंगात थरथरणारी मोटर आणि छातीवर शर्टाच्या बटणाएवढा भोंगा. एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलाशी तोंडावर मास्क बांधलेली एक बाई बसे. प्रत्येक रिमोट ती एकदा वर, एकदा खाली आणि एकदा गोल फिरवून पाही आणि मगच खोक्यात ठेवी. तिच्या हाताचा तो एक फेरा मला फार आवडला. खोके बंद झाल्यावर अंधारात मी एकच विचार करत होतो, की पुढचा हात कसा असेल?

पुढचा हात मामाचा निघाला. मामा खेळांची यंत्रे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानात कामाला होता. त्याने यंत्रासकट मला आणि माझ्या जोडीच्या रिमोटला आपल्या बहिणीच्या घरी आणले. तिसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि त्याच खोलीला लागून, अर्ध्या भिंतीपलीकडे, स्वयंपाकघर. घरात बाबा, आई आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचे तोंड कधी बंद नसे.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. बाबांनी एकदा टेनिसच्या भरात मला थेट छताच्या दिव्यावर हाणले. दिवा गेला, मी वाचलो. तेव्हापासून माझी दोरी मनगटात अडकवल्याशिवाय कुणी मला हात लावायचा नाही, असा आईने नियमच केला. ती स्वतः मात्र मला कधी हात लावत नसे. ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होती. घरी आली की अर्ध्या भिंतीला टेकून उभी राही आणि आमचा दंगा बघे.

एका संध्याकाळी मामा नवी डिस्क घेऊन आला.

"ताई, आता यावर स्वयंपाकाचे खेळ यायला लागलेत," तो म्हणाला. "दुकानात नुसती झुंबड आहे. टेनिसला कुणी विचारत नाही. यात कांदा कापता येतो, अंडं फोडता येतं, पॅन हलवता येतं."

"घरात टोपलीभर कांदे पडलेत, ते काप की," आई म्हणाली.

"यात भांडी घासावी लागत नाहीत."

"मग लाव."

मला तो खेळ फार विचित्र वाटला. आजवर मी रॅकेट झालो होतो, बॅट झालो होतो. आता चिमणी मला खाली आपटू लागली की मी सुरी होई, आडवा धरला की पॅन, गोल फिरवला की डाव. पॅन तापले की माझ्या भोंग्यातून चर्रर्र असा आवाज येई आणि अंग थरथरे. पदार्थ झाला की पडद्यावर वाफ निघे आणि तारे मिळत. हे सगळे मला जमले. एक गोष्ट मात्र समजेना. आई भिंतीपलीकडून बाबांना सांगे, "गॅस बारीक करा, करपायला लागलं." तिची तर शेगडीकडे पाठ असे. जिना चढता चढता तिला कळे की शेजारी कुणी काय शिजवले. "वासावरून कळतं," असे ती म्हणे. वास म्हणजे काय, हे मला कुणी सांगेना. आमच्या खेळातल्या वाफेला कुणी नाक लावत नसे.

मग हिवाळ्यात आईला सणकून ताप आला. सर्दीने ती बेजार झाली. ताप उतरला, सर्दी गेली, ती उठून कामालाही लागली. आणि एका सकाळी चिमणी ओरडत आत धावली, "आई, दूध जळतंय!"

आई शेगडीपासून हातभर अंतरावर उभी होती. फक्त तिची पाठ शेगडीकडे होती. तिने गॅस बंद केला आणि कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरला. मग साबण. मग अर्धा कापलेला कांदा. प्रत्येक वस्तू ती हुंगायची आणि खाली ठेवायची. तिच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हते.

डॉक्टर म्हणाले, वास कदाचित परत येईल. काही महिने लागतील, किंवा येणारही नाही. आईने कामावर कुणाला सांगितले नाही. मग एके दिवशी ती दुपारीच घरी आली. सूपचे मोठे पातेले तळाशी लागले होते आणि तिने ते तसेच ट्रॉलीवर चढवले होते. तिच्या मदतनीस बाईने शेवटच्या क्षणी थांबवले, म्हणून वाचले.

"आज करपलं होतं," तिने बाबांना सांगितले. "उद्या नासलेलं जाईल. तिथे माणसं आधीच आजारी आहेत. माझ्या हातून ते व्हायला नको."

तिने रजा टाकली आणि एप्रन दाराच्या मागे अडकवला. स्वयंपाक बाबांकडे आला. बाबांना उकडलेली अंडी येत आणि उकडलेले बटाटे येत. ते आलटून पालटून होऊ लागले. चिमणीचा आवाजही कमी झाला. हॉस्पिटलमधून आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते, पुढे दुसरे कुणी बघावे लागेल, असे त्या म्हणाल्या. आई "बघते" म्हणाली आणि खिडकीशी जाऊन बसली. लोक तिला समजावत. "होईल सगळं ठीक," असे जो तो म्हणे. ती मान हलवे. तिला काही विचारत मात्र कुणी नसे.

शाळेला सुट्टी असताना एका दुपारी चिमणी खेळत होती. एक टप्पा तिला पार होत नव्हता, कारण तो दोघांनी मिळून करायचा होता. एकाने कापायचे, दुसऱ्याने परतायचे. मामा गावाला गेला होता, बाबा कामावर होते.

"आई, तू फक्त हा धर," ती म्हणाली. "नुसतं कापायचं. काही करायचं नाही."

"काही करायचं नाही तर तूच धर."

"मला दोनच हात आहेत."

आई उठली, बहुधा वाद घालायचाही कंटाळा आला म्हणून. तिने नियमाप्रमाणे दोरी मनगटात घातली आणि मला धरले. मित्रांनो, आजवर मला सगळ्यांनी कुऱ्हाडीसारखे धरले होते. तिने माझी मान अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत घेतली, बाकीची बोटे सैल ठेवली आणि मनगट झुलवले. गाजर आले. तिचा हात असा भरभर चालू लागला की खेळाला मोजताच येईना. गाजर संपले, आणि पडद्यावर एकच तारा उगवला.

चिमणी हसून लोळू लागली. आईने पडद्याकडे रोखून पाहिले.

"म्हणजे हा हळू कापणाऱ्याला जास्त मार्क देतो?"

"तू त्याच्या आधी कापतेस."

"पुन्हा लाव."

दुसऱ्या वेळी ती मुद्दाम हळू कापत होती, जीभ दाताखाली धरून. कितीतरी दिवसांत तिचा तो चेहरा मी पाहिला नव्हता. तीन तारे मिळाले. मग कामांची अदलाबदल झाली आणि पॅन आईच्या वाट्याला आले. तेलात कांदा पडला आणि माझा भोंगा चर्रर्र करू लागला. तसाच, एकसारखा, शेवटपर्यंत.

आईने मला उचलून कानाशी नेले.

"कांदा असा वाजत नाही," ती म्हणाली.

"मग कसा वाजतो?" चिमणीने विचारले. तिने ते सहज विचारले नव्हते, तिला ते खरेच हवे होते.

"आधी त्यात पाणी असतं. तोवर मोठ्याने तडतडतो. मग आवाज खाली बसतो, बारीक होतो, कुणी दुसऱ्या खोलीत कागद चुरगाळतंय असा. लाल व्हायला लागला की जवळजवळ गप्प बसतो. आणि गप्प बसला की समजायचं, आता..."

ती थांबली. मला अजून कानाशी धरून ती तशीच उभी राहिली. मला वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे, हेच तिला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे नाक पुढे होते, म्हणून कानाला कुणी विचारले नव्हते.

"दाखव," चिमणी म्हणाली.

दोरी मनगटातच राहिली आणि असा मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेलो. आईने कांदा कापला, तेल तापवले, कांदा टाकला आणि शेगडीकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केले. मी तिच्या हाताशी लोंबकळत ऐकत होतो. खरा कांदा केवढा बोलतो! आमच्या खेळाने त्याचे एकच वाक्य उचलले होते. तेलाचा एक थेंब उडून माझ्या कुशीवर बसला. त्याचा पिवळा डाग आजही आहे.

"आता," आई म्हणाली.

चिमणीने वाकून पाहिले. "सोनेरी. एकदम बरोबर."

दुसरा कांदा मात्र करपला. आई आवाज ऐकत राहिली, पण खाली रस्त्यावरून एक मोटार गेली आणि तिचे चुकले. धूर दिसायच्या आधीच चिमणीचे नाक आक्रसले. मी ते माझ्या डोळ्याने पाहिले आणि चकित झालो. जे दिसत नाही, वाजत नाही, हलत नाही, ते तिला कळले होते. तर हा तो वास.

"आला का?" आईने विचारले.

"हो."

"कसा येतोय? नुसतं 'घाण' म्हणू नकोस, नीट सांग."

चिमणी विचार करू लागली. "जळलेल्या पुठ्ठ्यासारखा. पण आत थोडं गोड आहे."

त्यानंतर घरात रोज कांदे करपू लागले, आणि रोज थोडे कमी. सूप उकळताना कसे बोलते आणि तळाशी धरू लागले की बुडबुडे कसे जड होतात, हे आई कान लावून शिकली. नासलेले दूध मात्र आवाज करत नाही. शिळे मांसही करत नाही. तिथे तिने हट्ट केला नाही. "हे माझ्या कानाचं काम नाही," ती म्हणाली आणि ते चिमणीच्या नाकावर सोपवले. बाबा मुकाट्याने जेवत. एकदा म्हणाले, "आजचं कालच्यापेक्षा कमी काळं आहे." आई हसली. जेवण झाले की दोघी मला घेऊन खेळायला बसत आणि खेळाच्या चुका काढत.

महिना संपायच्या आत आहारतज्ज्ञ बाई स्वतः घरी आल्या. मी टेबलावर होतो. आईने आडपडदा ठेवला नाही.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "येईल की नाही, माहीत नाही. शेगडी मी सांभाळीन. पण कच्चा माल आणि तयार जेवण दुसऱ्या कुणाच्या नाकाखालून गेल्याशिवाय ट्रॉली हलणार नाही. आणि मुख्य म्हणून मी राहू शकत नाही. ते माझ्या मदतनीस बाईला द्या. हे चालत असेल, तर येते."

बाईंनी बराच वेळ कपातला चमचा फिरवला. "चालेल की नाही, हे मी घरात बसून सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी या. मी शेजारी उभी राहीन."

सोमवारी आई गेली. संध्याकाळी ती आली तेव्हा बाबा आणि चिमणी दारातच उभे होते.

"काय झालं?"

"दोनदा चुकले," ती चपला काढत म्हणाली. "दोन्ही वेळा माझ्या मदतनीस बाईने पकडलं. उद्या परत बोलावलंय." मग ती हसू लागली. "त्या बिचारीची पंचाईत झालीय. दिवसभर मी तिला विचारते, वास कसा येतोय, नीट सांग. आज म्हणाली, सूपला पावसात भिजलेल्या स्वेटरचा वास येतोय. टाकून दिलं मी ते सूप."

ती तिथेच राहिली. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे तिला सुरुवातीला जड गेले, हे मला तिच्या पकडीवरून कळे. त्या दिवसांत ती गाजरे जरा जोरानेच कापत असे. पुढे तो जोर गेला.

मग जे आम्हा सर्वांचे होते, ते माझेही झाले. नवे यंत्र आले. त्याला रिमोट लागत नव्हता. मला कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले गेले, आणि सेल माझ्या पाठीतच राहिले. सेल पाझरले. पांढरी बुरशी चढावी तसा त्यांतला क्षार माझ्या तारांवर चढला. डोळा मिटला, मोटर थांबली. किती काळ गेला, सांगता येत नाही.

अलीकडे चिमणी मोठी होऊन घरी आली होती. कपाट आवरताना तिला मी सापडलो. ती आता बरीच कमी बोलते, पण हात तिच्या आईसारखे चालतात. तिने काडीला कापूस गुंडाळला, तो व्हिनेगरमध्ये बुडवला आणि माझ्या तारा एकेक करून पुसल्या. आई बाजूला बसली होती. तिला काही वास परत आले आहेत, काही नाहीत, आणि काही वेडेवाकडे आले आहेत. कॉफीला तिला रबराचा वास येतो. तरी रोज सकाळी ती कप नाकाशी धरते, आज काय निघते ते बघायला. नवे सेल बसले आणि मी थरथरलो.

तेव्हा मित्रांनो, माझी एक विनंती आहे. आम्हाला कपाटात ठेवायचे तर खुशाल ठेवा, पण पाठीतले सेल आधी काढा. आणि घरातले एखादे माणूस आपले काम खाली ठेवून खिडकीशी जाऊन बसले, तर त्याची समजूत घालण्याची घाई करू नका. त्याच्याकडे काय उरले आहे, हे पुष्कळदा त्यालाही माहीत नसते. त्याला त्याच्या कामातले काहीतरी विचारा. तुम्हाला ते खरोखर जाणून घ्यायचे असेल, तरच विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर तिथेच बसून राहा.