सात भावांतलं धाकटं वार्षिक

माझे सहा थोरले भाऊ कुठे गेले? दुकानातल्या काचांना विचारलं, खिळ्यांच्या डब्याला विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही. तेव्हापासून माझा कोणावरच विश्वास नाही. तुमच्यावरही नाही, पण सांगतो.

मी एक जर्मन काव्यवार्षिक बोलतोय, तळहातावर मावणारं. दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या लाइपझिगला अशी पुस्तकं दर वर्षी निघत. आधी बारा महिन्यांचं कॅलेंडर, मग वीसेक कवींच्या कविता, मधेमधे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं. तुमचे दिवाळी अंक, तशी ती नव्या वर्षाची भेट. वर्ष सरलं की कॅलेंडर शिळं होई, कविता उरत. आम्ही एका नावाचे सात भाऊ. मी शेवटचा, माझ्यानंतर वार्षिक बंद पडलं. माझ्यात चित्र नाही, आणि छापखान्यात दुमडलेली माझी पानं कोणी कापून उघडलीही नव्हती. न वाचलेलं पुस्तक म्हणजे शाळा न पाहिलेलं पोर. समज कमी, राग फार.

एका पाद्र्याच्या पेटीतून आम्ही नागपूरला आलो. तो वारला, पेटी लिलावात निघाली आणि १९७१ साली इतवारीत रुपरावांच्या तसबिरींच्या दुकानात आली. रुपराव आम्हाला मऊ फडक्यानं पुसत. मला ते भले वाटले. आठवड्याला एक भाऊ नाहीसा होऊ लागला, तेव्हा मी संशय घेतला त्यांच्या मुलीवर. चारुशीला कॉलेजात जर्मन शिकायची आणि माझ्याजवळ सुरी घेऊन बसायची. सुरी घडीत शिरताच मी तिचं बोट कापलं.

“आई वं! चावते का काय हे!”

बोट चोखत तिनं पुन्हा सुरी घातली. घडी उघडली की ती वाचायची. तरी शेवटची घडी मी घट्ट मिटून धरली.

एक दिवस रुपरावांनी एक फ्रेम पालथी केली. मागे खळीनं चिकटवलेला कागद मी ओळखला. माझ्या थोरल्याचा मार्च महिना. त्याचं चित्र समोरच्या भिंतीवर काचेआड होतं, विकायला.

“बाबा, काहून फाडून राहिले? कविता हायेत त्या!”

“कोण वाचते वं इतवारीत? फोटोले ओल लागते, मागं कागद पाहिजे.”

“मी वाचतो.”

“तू? मास्तर तुले नापास करून राहिला, अन् मले शिकवते! आण ते. चित्र तं एकबी नाही त्याच्यात.”

ती मला घेऊन कोपऱ्यात गेली, शेवटच्या घडीत सुरी घातली. या वेळी मी अंग सैल सोडलं. आत सातही वर्षांची यादी होती: कोणत्या भावात कोणाची कविता, तिची पहिली ओळ. भावांचं एवढंच उरलं होतं.

आता मी पारशिवनीच्या एका घरात, लग्नाच्या फोटोमागे चिकटलेला आहे. नवरानवरी हसतात, मला त्या हसण्याचाही भरवसा नाही. तुमच्या घरी इतवारीतली जुनी तसबीर असेल, तर तिची पाठ एकदा बघा. माझ्या भावांपैकी कोणी भेटलं, तर त्याला फाडू नका.

शेवटची घडी उघडली त्या दिवशी रुपरावांनी मला एका बाजूनं ओढलं. चारुशीला यादीची पानं सोडीना. माझी शिवण दीडशे वर्षं टिकली होती, आणखीही टिकली असती. मी यादीच्या पानांपाशीच धागा सोडला. चार पानं तिच्या हातात राहिली.