कोण लागतो?

"दोरीवरचा शर्ट कोणाचा?"

विमा कार्यालयाचे तपासनीस अंगणातच उभे होते. रोहिणीने खुर्ची पुसून ठेवली होती, पण ते बसले नाहीत.

"दिनानाथचा," ती म्हणाली.

"कोण लागतो तुमचा?"

रोहिणीने तोंड उघडलं आणि तिला शब्दच सापडेना. दिनानाथ तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या, काळुरामच्या, नात्यातला नव्हता. तिच्या माहेरचाही नव्हता. हमरापूरला गणपतीच्या ज्या कारखान्यात ती रंगकाम करायची, तिथे तो साचे भरायचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. आधी पैसे ठरवून जेवायला यायचा. मग एका पावसाळ्यात रोहिणीची सासू तापाने फणफणली, जिते गावच्या रस्त्यावर रिक्षा मिळेना, तेव्हा त्याने म्हातारीला पाठीवर घेतलं आणि पेणच्या दवाखान्यात पोचवलं. त्यानंतर पैशांचं बोलणं कोणी काढलं नाही. हळूहळू तो राहायलाही लागला.

"जेवतो तो आमच्याकडं," दारातून सासू, सरूआई, म्हणाली. "तुमाला काय त्याचा तरास?"

तपासनिसांनी लिहून घेतलं, शेजारच्या घरात चौकशी केली आणि ते गेले.

काळुराम रोह्याजवळच्या एका रसायनांच्या कंपनीत रात्रपाळीला भाजून गेला, तेव्हा त्यांची मुलगी सुरभी प्राथमिक शाळेत होती. त्याच्यामागे रोहिणीला कामगार विम्याचे दरमहा पैसे मिळत होते. हयातभर, किंवा ती दुसरं लग्न करेपर्यंत. आता सुरभीचं नर्सिंगचं शिक्षण त्यावरच चाललं होतं. तपासणीनंतर पैसे थांबले. कार्यालयाचं पत्र आलं, 'लाभार्थीने पुनर्विवाह केल्याचे आढळून आले आहे.' सुरभीने ते मोठ्याने वाचलं आणि आईकडे न बघता त्याची घडी घातली.

पेणला एसटी स्टँडमागे श्यामलाताई वकिलांचं ऑफिस होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"लग्न कधी लागलं, कुठे लागलं, कोणी लावलं, कार्यालयाकडे काहीच नाही. तुम्हाला साधं विचारलंही नाही त्यांनी. आपण कोर्टात जाऊ. फक्त उलटतपासणीत ते दिनानाथबद्दल खोदून विचारणार. सरळ सांगा, मानलेला भाऊ आहे. विषय तिथेच संपतो."

रोहिणीने पदराच्या टोकाला पीळ दिला.

"तेवढं नको, ताई. भाऊ नको."

श्यामलाताईंनी पेन खाली ठेवलं. "बरं," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर दिनानाथ बसला होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं.

"कोणी नाय म्हणून सांग," जिना उतरताना तो म्हणाला. "लगीन कुठं केलंय आपण? खोटं काय हाय त्यात? पोरीचं शिकणं पुरं होऊ दे."

कोर्टात रोहिणीची साक्ष होती त्या दिवशी तो शेवटच्या बाकावर होता. कार्यालयाच्या वकिलांनी शर्टाचं विचारलं, जेवणाचं विचारलं, घरात खोल्या किती तेही विचारलं. मग म्हणाले, "हा इसम तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाय."

"जरा मोठ्याने सांगा. लिहून घ्यायचंय."

"कोणी नाय लागत तो माझा."

ती मागे वळली नाही. परतीच्या एसटीत दिनानाथने तिला खिडकीशी बसवलं आणि तो मागे जाऊन बसला. शेजारची जागा रिकामीच होती. त्या संध्याकाळी तो जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. कारखान्याच्या माळ्यावर त्याने अंथरूण टाकल्याचं तिला रंगकामाच्या बायांकडून कळलं.

निकाल लागायला उन्हाळा गेला. तो रोहिणीच्या बाजूने लागला. श्यामलाताईंनी ऑफिसात बसवून तिला तो समजावून सांगितला.

"चौकशी करायचा अधिकार कार्यालयाला आहे, असं कोर्ट म्हणतं. पण कायद्यात पुनर्विवाह लिहिलाय, तर लग्न झालेलं दाखवावं लागेल. कोण कोणाकडे जेवतं, कोण राहतं, यावरून बाईचं लग्न लावून टाकायचा अधिकार कार्यालयाला कोणी दिलेला नाही. थांबलेलं सगळं परत द्यायला सांगितलंय. आता दिनानाथ आला-गेला तरी कोणी काही करू शकत नाही, रोहिणीताई."

"व्हय," रोहिणी म्हणाली.

घरी सुरभीने आजीला पेढा दिला. सरूआईने तो हातातच धरून ठेवला.

"जिंकलीस ना गो? मंग तोंड का असं?"

रोहिणी चुलीकडे वळली.

"माझा काळू गेला," म्हातारी म्हणाली, "त्याला मी रडायची तेवढी रडले. त्या माणसानं मला पाठीवर नेली होती. त्याला आपल्या घरात जागा नाय, असं मी कोणाला सांगितलं नव्हतं. तू सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बाया डबे घेऊन नेहमीसारख्या गोल बसल्या. रोहिणी त्यांच्यात बसली नाही. रंगवायच्या मूर्तींच्या रांगांमधून वाट काढत ती साच्यांच्या बाजूला गेली. दिनानाथ गोणीवर बसून कागदातला वडापाव खात होता.

"सरकून बस," ती म्हणाली.

"लोक बघतायत."

"बघू देत."

तो सरकला, पण तिच्याकडे बघितलं नाही. "मीच बोललो होतो तुला, तसं सांग म्हणून," तो म्हणाला. "पर कानावर आलं तवा... नाय सोसलं."

"माझ्याकडं शब्द नव्हता दुसरा. त्यांनी जे जे शब्द दिले, ते आपले नव्हते." डबा पुढ्यात घेत ती म्हणाली, "आजून पण नाय सापडला."

तिने डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या, वालाची उसळ, कांदा. दोघांचं होतं. दिनानाथने अर्धा राहिलेला वडापाव कागदात गुंडाळून बाजूला ठेवला, उठून पिंपावर हात धुतले आणि परत येऊन बसला. भाकरी मोडून त्याने मोठा तुकडा आधी तिच्यापुढे ठेवला.

पलीकडे बायांचं बोलणं थांबलं. थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू झालं.