पांढऱ्याचं पाणी

कोंबड्यांच्या शेडबाहेर गर्दीने पाय ठेवायला जागा नव्हती. दोष काढायला बोलावलेल्या मांत्रिक बाबांनी लाल फडक्यातलं अंडं काढून ताटलीत फोडलं. पांढरं पाण्यासारखं कडेपर्यंत पसरलं.

"बघा! या घरातल्या सुनेची सावली!" बाबा गरजले. दुसऱ्या अंड्याला त्यांनी राख फासली, फुंकर घातली, फोडलं. पांढरं बलकाभोवती घट्ट उभं राहिलं. लोकांनी हात जोडले.

"आजच्या आज माहेरी जा," सासू सुनेला म्हणाली.

कोंबड्यांचं सगळं ही सूनच बघायची, खाद्य तेवढं धाकटा दीर आणायचा. तीन महिन्यांपासून अंडी लहान पडत होती, त्यांत पांढरं कमी भरत होतं. बेकरीवाल्याने माल घेणं थांबवलं होतं. मी जनावरांची डॉक्टर. मला तिनेच फोन करून बोलावलं होतं.

"फडक्यातली अंडी कधीची?" मी विचारलं.

"दोष खेचायला म्हणून बाबांनी आठ दिवस तापल्या पत्र्याखाली ठेवायला लावली होती," सून म्हणाली.

"आणि राखेचं?"

"आज सकाळचं."

"मग बाबा, राख जुन्याला लावा. ताजं मी तसंच फोडते."

"मंत्राची थट्टा करता?" बाबा जागचे हलेनात.

मीच राख उचलली. राख फासलेलं जुनं अंडं पाणी होऊन पसरलं. बिनराखेचं ताजं घट्ट राहिलं. उष्णतेत आठ दिवस पडलेल्या अंड्याचं पांढरं पातळ होतंच. चमत्कार तेवढाच. लोकांचे जोडलेले हात खाली आले आणि बाबांनी झोळी आवरली.

"पण मग अंडी लहान का?" सासूने विचारलं.

मी खाद्याच्या पोत्यात हात घातला. बहुतेक मका आणि कोंडाच. धाकट्या दिराची मान खाली गेली.

"सोयाबीनची पेंड महाग, म्हणून मी ती निम्म्यावर आणली. म्हटलं, पोट तर भरतंय."

"पोट भरतं. पण पांढरं बनतं प्रथिनांचं. खाद्यातच कमी पडली तर कोंबडी आणणार कुठून?"

"महिनाभर हेच सांगत होते मी," सून म्हणाली. "भाऊजी, मघाशी का नाही बोललात?"

"बाबांनी तुमचं नाव घेतलं," तो पुटपुटला, "आणि मला सुटल्यासारखं वाटलं."

सासूने तिचा हात धरला. "झालं गेलं विसर. आत चल."

"आई, खाद्य बदलता येईल. तुम्ही मला एका अंड्यावरून घराबाहेर काढलंत." तिने हात सोडवला आणि ती निघून गेली.

पेंड वाढवल्यावर तीन आठवड्यांत अंडी पुन्हा भरू लागली. सून परतली नाही.

म्हणून कळकळीने सांगते: कुणी चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, "आता उलटं करून दाखवा." आणि तोवर कुणा माणसावर बोट दाखवू नका.