सात आठवडे पडदा बंद

एमॉस टिब्स आमच्या नाटक कंपनीचा सुतार. रंगमंचावरची घरं, जिने, खिडक्या चौदा वर्षं त्यानेच उभ्या केल्या. मार्चमधल्या एका दुपारी तो ट्रकमध्ये फळ्या घालून येत होता. मागचा दिवा फुटलाय म्हणून पोलिसांनी त्याला थांबवलं आणि चार मिनिटांत गोळी घालून ठार केलं. त्याने हत्यार काढलं, असं पोलिसांनी अहवालात लिहिलं. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं, पण ते दाखवायला कोणी तयार नव्हतं.

त्याची बायको व्हर्लीन आमचे पोशाख शिवायची. मी दिवे सांभाळते. आम्हा दोघींची कामाची खोली एकच.

दहाव्या दिवशी व्यवस्थापक ग्रँथम यांनी दारावर फलक लावला: काळ्या बांधवांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. व्हर्लीनने तो वाचला आणि आत येऊन सगळ्यांसमोर विचारलं, "शनिवारच्या प्रयोगाला दारावर बंदोबस्ताला पोलीसच येणार ना?"

ग्रँथम म्हणाले, देणगीदारांना सुरक्षित वाटायला हवं, आणि आपले पोलीस तसे नाहीत.

"तसे नाहीत म्हणजे कसे?"

तिची बाजू न घेता मी दिव्याची तार गुंडाळत राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

शेवटी कॉर्विन बोलला. आमचा सगळ्यांत जुना नट, एरवी नुसत्या चेष्टा करणारा. "शनिवारी मी रंगमंचावर उभा राहणार नाही. राजाचा पोशाख ग्रँथमसाहेबांना चढवा. ढगळ होईल, पण व्हर्लीन टाचून देईल."

कुणी हसलं नाही. पण एकेकाने मान डोलावली. ते चित्रण दाखवेपर्यंत प्रयोग करायचा नाही, असं ठरलं. गावातल्या आणखी दोन कंपन्यांनीही पडदे पाडले.

दर मंगळवारी आम्ही पोलीस ज्यांच्या हाताखाली, त्या नगरसभेत जाऊन बसायचो. माणशी दोन मिनिटं बोलायला मिळत. भाषणं केली नाहीत. एमॉसने काय काय बांधलं, ते आळीपाळीने वाचलं. सभासद घड्याळं बघायचे. देणगीदार गळाले. दोन तरुण नट्या काम शोधत दुसऱ्या गावी गेल्या. त्यांना दोष कोण देणार?

सातव्या आठवड्यात चित्रण बघायला बोलावणं आलं. व्हर्लीनने मला सोबत नेलं. पडद्यावर एमॉसचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. खिशात मोजपट्टी आहे, काढून ठेवू का, असं त्याने विचारलं. पोलीस हो म्हणाला. त्याने काढली, आणि गोळी सुटली.

"पुन्हा लावा," व्हर्लीन म्हणाली.

बाहेर पायरीवर बसल्यावर ती हळूच म्हणाली, "घाबरला नव्हता गं तो. त्याला वाटलं, सगळं नीट चाललंय."

अहवालातून हत्यार वगळलं गेलं. खटला मात्र उभा राहिला नाही. ऑगस्टमध्ये गोळी घालणारा पोलीस कामावर परतला. चित्रण दाखवल्यावर आम्ही नाट्यगृह पुन्हा उघडलं होतं, दारावर पोलीस न ठेवता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. ग्रँथम नोकरी सोडून गेले.

व्हर्लीन शिवायला येते, पण मंगळवारी नाही. नदीपलीकडच्या एका बाईच्या मुलालाही पोलिसांनी मारलं, त्याचं चित्रण अजून दाबून ठेवलंय. त्या दिवशी व्हर्लीन त्या बाईशेजारी नगरसभेत बसते. कॉर्विन आणि मी मागच्या ओळीत असतो.